लाल रेघेची गन आणि सातवा नियम

आमच्या ग्रंथालयात संगणकावर नोंदवून दिलेलं पहिलं पुस्तक एका बिस्किटाच्या पुड्याच्या नावावर आहे. ही गोष्ट मी गेल्या वर्षापर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. मग एक दिवस केतकीचा, म्हणजे माझ्या खुर्चीवर आता बसणाऱ्या मुलीचा, फोन आला. "काकू, जुन्या नोंदी तपासतेय. एक सभासद आहे, त्याला नाव नाही, पत्ता नाही, आणि त्याच्याकडे एक पुस्तक वीसेक वर्षांपासून आहे. कोण असेल हा?"

मी म्हटलं, "गोड होता बिचारा." मग सगळंच सांगावं लागलं.

बडोद्यात सुभानपुऱ्याकडे आमचं छोटं मराठी ग्रंथालय आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, व्हरांड्यात वर्तमानपत्रांचं लांब टेबल. मी तिथे कारकून म्हणून लागले आणि ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. मधल्या चौतीस वर्षांत मी लोकांच्या हातात पुस्तकं दिली आणि परत घेतली, एवढंच. पण तेव्हा मला वाटायचं, ग्रंथालय माझ्यावर चाललंय. साडीला कडक इस्त्री, नाकावर चष्मा, आणि समोरचा सभासद काउंटरला टेकला की मी त्याच्या कोपराकडे बघायचे. तो कोपर काढून घ्यायचा. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

संगणक आला तेव्हा बारकोड वाचणारं यंत्र निवडायचं काम समितीने माझ्यावर सोपवलं. स्कॅनर. आम्ही त्याला गन म्हणायचो, कारण त्याला घोडा होता आणि तो दाबला की समोर लाल रेघ उमटायची. दुकानदाराने चार गन मांडल्या. मी गंभीरपणे प्रत्येक हातात घेऊन पाहिली आणि जिची लाल रेघ सगळ्यांत देखणी होती ती घेतली. साडी घेतानाही मी आधी पदर बघते आणि पोत मागाहून.

गन आली. मग सभासदांच्या कार्डांवर बारकोड चिकटवले. आता एवढी नवी कार्डं मळू नयेत म्हणून मी काय केलं, तर सगळी कार्डं जाड, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतली. त्यात तोंड बघून टिकली लावता यायची. समितीने माझं कौतुक केलं. मी नम्रपणे मान खाली घातली. नम्रपणा मी आरशासमोर बसवला होता.

उद्घाटनाला पाहुणे आले. त्यांना मानद सभासद करून त्यांच्या नावाचं पहिलं पुस्तक गनने नोंदवायचं होतं. मी कार्ड धरलं, घोडा दाबला. लाल रेघ आली. आवाज नाही. कार्ड जवळ आणलं, लांब नेलं. काही नाही. मग मी कार्ड गोल गोल फिरवायला लागले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले. त्यांना वाटलं आरती चालू आहे.

माझ्या खणात दुपारच्या चहाचा बिस्किटाचा पुडा होता. गनला काय, कुठलाही बारकोड चालतो. मी एका हाताने कार्ड वर धरलं, दुसऱ्या हाताने गन खणात घातली आणि घोडा दाबला. 'टिक'. टाळ्या. संगणकाने विचारलं, हा सभासद सापडत नाही, नवा करू? पडदा माझ्याच बाजूला होता. मी घाईघाईने हो केलं. पाहुणे पुस्तक घेऊन गेले ते पुन्हा आलेच नाहीत, आणि माझी हिंमत झाली नाही ती नोंद पुसायची.

मग चूक कुठे होती? बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं: लाल रेघवाली गन उजेड फेकते. काळी पट्टी तो उजेड गिळते, पांढरी परत पाठवते, आणि परत आलेल्या उजेडावरून गन आकडा ओळखते. कागदावरून उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून गनच्या वाट्याला थोडा तरी येतोच. चकचकीत प्लॅस्टिक मात्र आरशासारखं वागतं. सगळा उजेड एकाच दिशेला भिरकावतं, आणि ती दिशा गनची नसते. पुढचा अख्खा उन्हाळा मी घरी ब्लेडने प्लॅस्टिक सोलत बसले. नवरा पेपरातून डोकं वर काढून विचारायचा, "आज किती सभासद सोलले?"

हे सगळं गेल्या वर्षी कामाला आलं. पण त्याआधी मला सातव्या नियमाबद्दल सांगायला हवं. तो विनोदी नाही.

मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. आधीच्या ग्रंथपालांनी नियमांची वही नव्याने लिहायला मला दिली, कारण माझं अक्षर बरं. सहा नियम त्यांनी सांगितले. सातवा मी माझ्या मनाने घातला: 'कार्डधारकाने स्वतः येऊन कार्ड दाखविल्याशिवाय पुस्तक दिले जाणार नाही.' कुणी मागितला नव्हता. मला सहाचा आकडा अपुरा वाटत होता.

त्याच पावसाळ्यात एक बाई आल्या, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. सुमन पवार. पवारांचं घराणं जुन्या संस्थानी फौजेतलं. सासरे वारलेले, नवरा रेल्वेत, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सुमनताई सासूबाईंचं कार्ड घेऊन आल्या होत्या. सासूबाई एक दोन भागांची कादंबरी वाचत होत्या, म्हणजे सुमनताई त्यांना वाचून दाखवत होत्या. पहिला भाग संपला होता. दुसरा हवा होता.

मी सातवा नियम दाखवला. माझ्याच अक्षरातला, शाई नवी. त्या म्हणाल्या, त्यांना चालता येत नाही. मी म्हटलं, मग तुम्ही तुमच्या नावाने सभासद व्हा, अर्ज भरा, पुढच्या सभेत मंजूर होईल. दुसरा भाग माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. हात लांबवला असता तर लागला असता. त्या कार्ड रुमालात गुंडाळून गेल्या.

पुढच्या सभेत अर्ज मंजूर झाला, तोपर्यंत सासूबाई नव्हत्या.

सुमनताईंनी मला त्या मधल्या दिवसांचं खूप वर्षांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. सासूबाई रोज विचारायच्या, पुस्तक आणलं का. तेव्हा त्या पहिलाच भाग हातात धरायच्या आणि पानं उलटत दुसरा भाग आपल्या मनाने सांगायच्या. चार संध्याकाळी त्यांनी अशी कादंबरी पुरी केली. सासूबाईंना कळलं नाही. "की कळलं होतं, कोण जाणे," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच विषय बदलला आणि मला सुरळीच्या वड्यांची कृती विचारली. खरा दुसरा भाग त्यांनी पुढे कधीच नेला नाही. मीही कधी पुढे केला नाही.

सासूबाई गेल्याचं कळलं त्या दिवसानंतर मी सातवा नियम पाळणं बंद केलं. खोडला मात्र नाही. स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात खोडायला लागणारं वय अजून आलं नव्हतं. मग हळूहळू आमच्याकडे पिशव्यांची पद्धत पडली. गाव मांजलपूर, गोत्रीपर्यंत लांब वाढत गेलं. सोसायटीतला एक जण स्कूटरवर यायचा आणि पिशवीत रबरबँड लावलेली पाच घरांची कार्डं असायची. हे कार्ड जोशीकाकांचं, त्यांना प्रवासाचं काहीतरी द्या. हे शेजारच्या वहिनींचं, रडवणारं नको, सध्या घरात लग्न आहे. मी घरं न बघता घरं ओळखायला लागले.

मांजलपूरच्या एका पिशवीचं नाव हर्षदाबेन. सुमनताईंच्या शेजारीण. सुमनताईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि जिना बंद झाला, तेव्हापासून हर्षदाबेन त्यांच्यासाठी पुस्तकं नेतात. स्वतःला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही. आठवड्याला येतात, सुमनताईंचं कार्ड ठेवतात आणि सांगतात, "बेन, जाडुं आपजो, गया वखतनुं तो बे दिवसमां पती गयुं." जाडं पुस्तक द्या, मागचं दोन दिवसांत संपलं. त्या पुस्तकं हातात तोलून घेतात. सुरण घेतानासुद्धा एवढी पारख करत नसतील.

तर गेल्या वर्षी समितीने ठरवलं, की प्लॅस्टिकची आणि कागदाची कार्डं बंद, आता कार्ड फोनवर. चिटणीस मोहितेसाहेब उत्साही माणूस; रिफायनरीतून निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्टीला व्हॉल्व्ह बसवतात. जुन्या गन बदलायच्या होत्या. केतकीने मला बोलावलं, "काकू, तुम्ही यंत्रं निवडलेली आहेत." तिला बिस्किट ठाऊक होतं, तरी बोलावलं.

मी गेले तर विक्रेता भाविनभाई टेबलावर तीन स्कॅनर मांडून बसलेला. पहिली लाल रेघवाली गन, बारीक कमरेची, चंदेरी. एकाहत्तराव्या वर्षी माझा जीव पुन्हा तिच्यावर गेला, हे कबूल करते. दुसरा टेबलावर उभा राहणारा चौकोनी डबा, त्याच्या काचेसमोर फोन धरायचा. तिसरा जाड मानेचा, काळा, रबरी, बटाट्याला मूठ लावल्यासारखा.

भाविनभाईने चंदेरी गनने छापील कार्ड वाचून दाखवलं. टिक, टिक, टिक. "मासी, जुओ, केटलुं फास्ट छे."

मी म्हटलं, फोनवरचं वाचून दाखव.

त्याने स्वतःचा फोन धरला. लाल रेघ काचेवर नाचली. आवाज नाही. त्याने फोन तिरका केला, मग आडवा, मग गोल फिरवायला लागला. मी हात जोडले. केतकी उठून बाहेर गेली, तिचं हसू मला खिडकीतून ऐकू येत होतं.

फोनची काच म्हणजे माझं चकचकीत प्लॅस्टिकच. शिवाय फोनचा उजेड आतून येतो, गनला तो आपला वाटत नाही. म्हणून फोनसाठी कॅमेऱ्याचा स्कॅनर लागतो. तो रेघ फेकत नाही, बारकोडचा फोटो काढतो आणि फोटोतून आकडा वाचतो. डबा आणि बटाटा दोघेही कॅमेऱ्याचे. भाविनभाईचा फोन दोघांनीही पटकन वाचला.

मोहितेसाहेब म्हणाले, मग डबा घेऊ, टेबलावर शोभेल. मला डबा नको होता. डब्यापाशी माणसाने फोन न्यायचा आणि बरोबर अंतरावर स्थिर धरायचा. आमच्या सभासदांचे हात थरथरतात. मग काउंटरवरचा माणूस म्हणणार, द्या इकडे, आणि फोन हातात घेणार. दुसऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही, हे मी शिकले ते माझ्या शेवटच्या वर्षी. एका निवृत्त गृहस्थांनी फोनवरचा कार्डाचा फोटो दाखवायला फोन माझ्या हातात दिला. तेवढ्यात वरून त्यांच्या बायकोचा निरोप घसरला: 'दूध आण आणि त्या लायब्ररीवालीशी गप्पा मारत बसू नकोस.' गृहस्थ लाल झाले. मी मात्र आठवडाभर खुशीत होते. माझ्यावर संशय घ्यावा असं कुणाला तरी अजून वाटत होतं. पण म्हणूनच सांगते, स्कॅनर माणसाकडे गेला पाहिजे, माणूस स्कॅनरकडे नाही.

मोहितेसाहेब ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ठीक, हातातला घेऊ. पण एक गोष्ट पक्की. ज्याचं कार्ड, त्याचाच फोन. कार्डाचा फोटो काढून दुसऱ्याला पाठवायचा आणि त्याने पुस्तक न्यायचं, हे बंद." आणि त्यांनी पिशवीतून जुनी वही काढली. "हे मी म्हणत नाही. हा सातवा नियम. तुमच्या काळातला. काय सुंदर अक्षर आहे बघा."

शाई आता तपकिरी झाली होती. वेलांट्या मात्र तशाच ऐटीत.

मी काही बोलण्याआधी दारात हर्षदाबेन उभ्या. केतकीने त्यांना मुद्दाम त्या वेळी बोलावलं होतं, म्हणाली, काकू, सगळ्यांत वाईट फोनवर चाललं तर सगळीकडे चालेल. हर्षदाबेनच्या फोनची काच कोपऱ्यापासून मधोमध तडकलेली, त्यावर हळदीचा अंगठा. सुमनताईंनी आपल्या फोनवरच्या कार्डाचा फोटो त्यांना पाठवला होता. साहेब वही उघडी धरून बसले. ह्या तडकलेल्या फोनवर आलेलं कार्ड वाचलं गेलं नाही, तर नियमाची गरजच नव्हती. सुमनताईंची पुस्तकं आपोआप बंद झाली असती.

डबा गप्प. बटाट्यानेही तीनदा प्रयत्न केला आणि गप्प. भाविनभाई म्हणाला, काच तुटलेली आहे, कुठलंच यंत्र काय करणार. साहेबांनी वही मिटायला घेतली.

मी चष्मा पुसून फोनकडे पाहिलं. तडा बारकोडवरून गेलाच नव्हता. पण बारकोड फोटोच्या दोन्ही कडांना घट्ट चिकटलेला होता. बारकोडच्या दोन्ही बाजूंना थोडी पांढरी जागा सोडावी लागते. रेघा कुठे सुरू होतात हे यंत्राला तेव्हाच कळतं. इथे ती जागाच कापलेली होती. मी हर्षदाबेनला विचारलं, फोटो कापला कुणी?

त्या जरा संकोचल्या. "में काप्यो. उपर एमनो फोटो छे ने, एमां आंख बंध छे. बधाने केम बताववो?" कार्डावर वर सुमनताईंचा फोटो होता, त्यात त्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांना तो दिसू नये म्हणून हर्षदाबेननी कार्ड चारही बाजूंनी नीट कापून घेतलं होतं.

मी म्हटलं, सुमनताईंना फोन लावा, पुन्हा पाठवायला सांगा, आणि ह्या वेळी कापू नका. फोन स्पीकरवर होता. सुमनताई म्हणाल्या, "बाई, तुम्ही तिथे आहात? आज कशा काय?" मी म्हटलं, यंत्र निवडतेय. त्या म्हणाल्या, "पुन्हा?" भाविनभाईसकट सगळे हसले.

मग त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर एक विचारू? तो दुसरा भाग अजून आहे का हो कपाटात?"

कुठला दुसरा भाग, हे तिथे फक्त मला कळलं. मी म्हटलं, आहे.

फोटो आला, मिटल्या डोळ्यांसकट. मी पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला, हळदीचा अंगठा पदराने पुसला. केतकीने बटाटा हर्षदाबेनच्या हाताजवळ नेला. टिक.

ह्या वेळी खणात काही नव्हतं.

मोहितेसाहेब म्हणाले, ते ठीक आहे, पण नियम? उद्या कुणीही कुणाच्याही कार्डावर पुस्तक नेईल, आणि हरवलं तर? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, ह्या गावात मराठी कादंबरी पळवणारा कुणी निघाला, तर त्याला पकडून सभासदच करून घेऊ." ते हसले, पण वही उघडीच होती. मग मी त्यांना त्या पावसाळ्याची गोष्ट सांगितली. बिस्किटाची सांगितली होती तशी रंगवून नाही, साधीच. कुणाची सासू, कुणाची सून, हे हर्षदाबेनना केतकीने हळू आवाजात गुजरातीत सांगितलं. त्यांनी फोन बंद करून पिशवीत ठेवला आणि पिशवी मांडीवर घेतली.

साहेब म्हणाले, नियम बदलायला सभा लागेल.

मी म्हटलं, घातला तेव्हा कुठे सभा झाली होती? केतकीच्या कानामागचं पेन घेतलं आणि सातव्या नियमावर एक सरळ रेघ ओढली. खाली सही केली. आता अक्षर थरथरतं, पण सही तीच आहे. साहेबांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सहा राहिले." मी म्हटलं, सहा पुरेत.

बटाटा घेतला. चंदेरी गनला जाताना मी एकदा हातात घेऊन ठेवलं. खोटं कशाला सांगू.

दुसरा भाग मी स्वतः काढला. कपाट बदललं होतं, पुस्तक तेच होतं. त्यावर केतकीने बारकोड चिकटवला, कारण इतक्या वर्षांत तो भाग कुणी मागितलाच नव्हता. हर्षदाबेननी तो तळहातावर तोलला आणि मान हलवली, वजन पसंत होतं.

आठ दिवसांनी सुमनताईंचा आवाजाचा निरोप आला. मागे त्यांच्या गॅलरीतले पोपट ऐकू येत होते.

"बाई, वाचला. मी सासूबाईंना सांगितलेला शेवट पार चुकला होता हो. पुस्तकात नायिका शेवटी एकटीच राहते, कुठल्या लांबच्या गावी. मी तिला घरी आणली होती. सासू उंबऱ्यात उभी राहून वाट बघत असते, असं सांगितलं होतं." मग बराच वेळ नुसते पोपट. "माझाच बरा होता."

तो भाग मी पूर्वीच वाचला होता. त्यांचाच बरा होता.